सातव्या ओळीतला ध

शिरोरेखा सरळ असते हे अनुस्वाररावांना कोणी शिकवलं नव्हतं. जमीन पायाखाली असते हेही कोणी शिकवत नाही. त्यामुळे एका मंगळवारी सकाळी, सहावीच्या भूगोलाच्या चौऱ्याऐंशीव्या पानावरची शिरोरेखा वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी मध्येच झोल खाताना दिसली, तेव्हा त्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं समासात लाल शाईचा शेरा मारला: ओळ वाकडी, सरळ करावी.

पानं लावणारी बाई तो कागद घेऊन आली, सोबत पट्टी घेऊन. पट्टी ओळीखाली ठेवून म्हणाली, "कुठे वाकडी आहे, सर?"

अनुस्वाररावांना पट्टीसुद्धा वाकडी दिसत होती.

"बरोबर आहे. राहू दे," ते म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. छापखान्यात त्यांनी स्वतःचा शेरा मागे घेण्याची ही पहिलीच वेळ. पानं लावणाऱ्या बाईनं ही बातमी दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना पोचवली.

अनुस्वारराव हे नाव छापखान्याचंच. तीनशे पानांच्या पुस्तकातून हरवलेलं एक टिंब ते शोधून काढत, म्हणून हे नाव पडलं. कागदोपत्री नावानं त्यांना आता फक्त बँक ओळखत होती. मुद्रितं तपासणं हा त्यांचा धंदा, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या छापल्या आहेत हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांचा मधुमेह चौदा वर्षांचा होता. चौदाव्या वर्षी घरातल्या पोराला शिंगं फुटतात, तशी त्यालाही फुटली होती, पण बापाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पाणी पिऊन ते हात धुवायच्या खोलीत गेले, कडी लावली आणि आरशासमोर एकेक डोळा झाकून पाहिलं. उजवा झाकला तर सगळं जागच्या जागी. डावा झाकला तर नळ वाकडा, आणि आरशात नाकाच्या जागी ओल्या शाईवर कोणी अंगठा फिरवावा तसा डाग. त्यांनी आरसा पुसला. डाग तसाच. त्यांनी नाकाला हात लावला. नाक होतं. ते तिथेच बादलीच्या काठावर टेकले. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं तेव्हा "आलो, आलो," म्हणाले, पण उठले नाहीत.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं की गोष्ट खरी होते, असा त्यांचा समज. बायको घरीच कपडे शिवायची. सुईत दोरा ओवून देणं हे अनुस्वाररावांचं घरातलं एकमेव तांत्रिक काम. तिसऱ्या दिवशी दोरा अकरा वेळा सुईच्या बाजूनं गेला. बायकोनं सुई हातातून काढून घेतली, स्वतः ओवली, आणि मशीन चालू करता करता म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. रजा टाका."

"अगं, दोरा जाड आहे."

"दोरा तोच आहे. तुम्ही रजा टाका."

दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, तोंडावर अनुभवी माणसाची प्रसन्नता. डोळ्यांच्या दवाखान्यात असा एक जण असतोच. नव्या माणसाला घाबरवण्याचं काम तो विनामोबदला करतो.

"साखर?" पट्टीवाल्यांनी विचारलं.

"साखर," अनुस्वारराव म्हणाले.

"मग सुई."

"साखरेची सुई मी दंडात घेतो."

"दंडात नाही हो. डोळ्यात."

"डोळ्याच्या जवळ म्हणता?"

"जवळ कशाला? डोळ्यात. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागात, सरळ आत." पट्टीवाल्यांनी बोटानं हवेत ती जागा दाखवली. "मला सात झाल्या. पण तुम्हाला एक सांगतो. आत ती मुलगी तक्ता वाचायला लावते ना, तिथे सगळा निकाल लागतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत तर म्हणतात, थांबू, बघू. मध्येच अडकलात की मेलात."

अनुस्वाररावांनी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरचा डोळ्याचा मोठा रंगीत आराखडा पाहत होती. एखाद्या अवघड बाहीकडे पाहावं तशी.

तपासायच्या खोलीत एका मुलीनं त्यांना खुर्चीवर आणि बायकोला मागच्या स्टुलावर बसवलं, डाव्या डोळ्यावर झाकण दिलं आणि समोर दिवा लावला. दिव्याखाली अक्षरांचा तक्ता उजळला. वरचं अक्षर मोठं होतं, ते दिसलं. खालच्या दोन ओळी ओढाताण करून दिसल्या. त्याखाली मुंग्यांची रांग, आणि रांगेच्या मधोमध तो शाईचा डाग.

आणि तेवढ्यात त्यांना तक्ता ओळखीचा वाटला.

तो त्यांच्याच छापखान्यात छापला होता. चार वर्षांपूर्वी. मुद्रितं त्यांनी स्वतः तपासली होती, आणि त्या कामानं त्यांना भयंकर छळलं होतं, कारण त्या अक्षरांना अर्थच नव्हता. अर्थ असला की डोळा पुढे धावतो, मन मागून भरून काढतं. निरर्थक मजकूर अक्षर अक्षर चावून वाचावा लागतो, आणि चावलेलं विसरत नाही. लग्नाची तारीख त्यांना दर वर्षी आठवावी लागे, पण त्या तक्त्याच्या सातही ओळी तोंडपाठ होत्या.

"वाचा, काका."

अनुस्वाररावांनी वाचलं. चौथी ओळ, पाचवी, सहावी. सातव्या ओळीला घाई केली तर संशय येईल म्हणून डोळे किंचित बारीक करून, अडखळत म्हणाले, "र, न, ध, क, प, ल, ट."

"वा, काका!" मुलगी म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बायकोनं मागून सुटकेचा श्वास सोडला, तो त्यांना पाठीवर जाणवला. त्यांना वाटलं होतं आपल्यालाही बरं वाटेल. वाटलं नाही.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून, डोळ्यातल्या पडद्याचा फोटो काढून त्यांना डॉक्टरबाईंपुढे बसवलं. फोटोत पडदा आडवा कापून दाखवला होता. जिथे खळगा असायला हवा तिथे टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात काळी भोकं.

"पडद्याच्या ऐन मध्यावर सूज आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साखरेनं बारीक रक्तवाहिन्या पाझरतात. यावर डोळ्यात इंजेक्शन देतो आम्ही. औषधं मुख्यतः तीन. पहिलं मुळात दुसऱ्याच आजाराचं, आम्ही उसनं घेतलेलं, स्वस्त. दुसरं खास डोळ्यांसाठी केलेलं. तिसरं जरा दमदार आणि महाग. स्टेरॉइडही असतं, पण त्यानं मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातला दाब वाढतो. ते मागे ठेवू."

"त्यातलं चांगलं कुठलं?" बायकोनं अस्तराचं कापड विचारावं तसं विचारलं.

"ते नजरेवर आहे. पाचवी ओळ वाचता येत असेल तर तिन्ही जवळपास सारखीच. उगीच महागाच्या मागे लागू नये. पण गाडी चौथ्या ओळीलाच अडत असेल तर तिसऱ्यानं पहिल्या वर्षात जास्त फरक पडतो, असं दिसलंय. आणि यांच्यासारखी शेवटची ओळ येत असेल तर सूज असूनही थांबता येतं. फक्त लक्ष ठेवायचं." त्या फोटोकडे पाहत राहिल्या, मग कागदाकडे, मग पुन्हा फोटोकडे. "एवढ्या सुजेत सातवी ओळ. नशीबवान आहात."

"वाचायची सवय आहे," अनुस्वारराव म्हणाले. इतकं खरं खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते.

"वेळ आलीच तर," बायकोनं उठता उठता विचारलं, "सुई किती नंबरची असते?"

"तीस," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचा कागद ओढला.

घरी आल्यावर बायकोनं मशीनचा खण उघडला आणि सुयांच्या पुड्या टेबलावर मांडल्या.

"ही नऊ नंबर. रेशमाला. ही चौदा, साध्या कापडाला. सोळा जीनला. ही अठरा. हिनं मी शेजाऱ्यांच्या तंबूचं कापड शिवलं होतं, आठवतं?" अठरा नंबरची सुई तिनं उजेडात धरली. "अहो, तीस नंबर मी जन्मात पाहिली नाही. दुकानातसुद्धा अठराच्या पुढे ठेवत नाहीत."

अनुस्वारराव त्या सुईकडे पाहत राहिले. उजव्या डोळ्याला ती दिसत नव्हती हीच काय ती सोय.

"सातवी ओळ आली, देव पावला," बायको म्हणाली आणि पुड्या आवरल्या.

त्यानंतरचे चार आठवडे भीतीनं त्यांच्या घरी मुक्काम केला, आणि पाहुण्याला असते तेवढीही भीड तिला नव्हती. ती सकाळी दात घासताना आरशात असे. तिच्यामुळे ते दिवसातून वीसदा डावा डोळा झाकून पाहत. कॅलेंडर, दाराची चौकट, बायको. डाग वाढत होता. आधी बायकोचं नाक गेलं होतं, मग ओठ गेले. ती बोलायची आणि आवाज धुक्यातून यायचा. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मग तीस नंबर आठवायचा. एकीकडे आंधळेपण, दुसरीकडे तंबू शिवायची सुई. आंधळेपण हळूहळू येत होतं, सुई एकदम येणार होती. माणूस अशा वेळी हळूहळू येणाऱ्याला घरात घेतो.

कामावरही व्हायचं ते झालं. एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीनिमित्त स्मरणिका छापली. 'सरांनी या शाळेला आकार दिला' या मथळ्याच्या ठिकाणी पाचशे प्रतींत 'सरांनी या शाळेला नकार दिला' असं छापून गेलं. मालकांनी स्मरणिका त्यांच्यापुढे ठेवली.

"अनुस्वारराव, तुमच्या हातून?"

रागावले असते तर बरं झालं असतं. मालकांच्या आवाजात हळहळ होती, आजारी माणसाच्या उशाशी असते तशी. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे लेटरहेडं आणि पावतीपुस्तकं येऊ लागली. त्यात चुकायला फारसं काही नसतं.

चार आठवड्यांनी तीच खोली, तीच मुलगी, तोच दिवा. बायको मागच्या स्टुलावर. या वेळी अनुस्वाररावांना वरचं अक्षरही कडेकडेनं दिसत होतं. ते वाचत गेले. आवाज मात्र चांगला लागला.

"र, न, ध, क, प, ल, ट."

मुलीनं काही लिहिलं नाही.

"तिसरं अक्षर परत सांगा, काका."

"ध."

"नीट बघून?"

"ध. धनुष्यातला."

मुलगी उठली, तक्त्यापाशी गेली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "मागच्या वेळीही तुम्ही ध म्हणालात. एखादं अक्षर चुकलेलं आम्ही धरत नाही, म्हणून सोडून दिलं. पण इथे म आहे, काका. आणि ज्याला ही ओळ दिसते तो प्रत्येक जण म म्हणतो."



आणि अनुस्वाररावांच्या तोंडून, भीतीलाही आवरायला वेळ न देता, तीस वर्षांची नोकरी बोलली. "म्हणजे दुरुस्ती केलीच नाही! मी लाल शाईत लिहून दिलं होतं, ध पाहिजे म्हणून! मालक म्हणाले होते करतो!"

"कसली दुरुस्ती?" मुलीनं विचारलं.

त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. छापखाना, मुद्रितं, तोंडपाठ ओळी. सांगताना ते तक्त्याकडेच पाहत होते, कारण मागे वळायची हिंमत नव्हती.

स्टूल करकरलं. "लोक ध चा मा करतात," बायको हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही म चा ध केलात. स्वतःच्याच डोळ्याशी."

"अगं, तीस नंबर..."

"मला सांगायचं होतंत. मी घाबरले होते म्हणून तुम्ही गप्प बसायचं?"

मुलीनं तक्त्याचा दिवा बंद केला आणि भिंतीवरचा विजेचा पडदा सुरू केला. त्यावरची अक्षरं यंत्रातून येत होती, दर वेळी नवी. त्यांनी दोन ओळी वाचल्या, तिसरीतली तीन अक्षरं, आणि मग ते शब्द उच्चारले जे एका मुद्रितशोधकाला फाशीच्या शिक्षेसारखे असतात. "दिसत नाही."

डॉक्टरबाईंनी आधी आवाज न चढवता त्यांना झापलं. मग नवा फोटो जुन्याशेजारी लावला. टेकडीचा डोंगर झाला होता.

"हे चार आठवडे परत येतील?" बायकोनं विचारलं.

"काही येईल, काही नाही. किती ते आज सांगता येणार नाही." त्यांनी जुन्या कागदावर काट मारली. "आता औषधांची तुलनाच बदलली. गाडी तिसऱ्या ओळीला अडली आहे, म्हणजे तिसरं औषध. सुरुवातीला दर महिन्याला एक, पाच महिने. मग बघू. पहिलं आजच."

"तीस नंबरनं?" बायकोनं विचारलं. "अहो डॉक्टर, अठरानं मी तंबू शिवलाय."

डॉक्टरबाईंना आता उमगलं. "तुमच्या सुयांचा नंबर वाढला की सुई जाड होते. आमची उलट, बारीक होते. तुमच्या नऊ नंबरच्या निम्मीसुद्धा जाड नसते ही."

बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अनुस्वाररावांना हसावं की रडावं कळेना. म्हणून त्यांनी दोन्ही टाळलं. शिवाय बारीक असली तरी सुई सुईच होती, आणि डोळा त्यांचा होता.

आत त्यांना टोपी घातली, आडवं केलं, डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले, मग तपकिरी पाणी. चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, त्याला एकच भोक. पापण्यांना तारेचा चिमटा लागला. आयुष्यभर संकटाकडे डोळेझाक करायची त्यांची सवय, आणि इथे नेमक्या त्या सवयीलाच चिमटा लावला होता. मिटायला काही उरलं नव्हतं. ते नुसते पडून राहिले.

"वर डावीकडे बघा. हलू नका."

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"बोलू नका. दाब येईल."

दाब आला. दुखलं कमी, पण डोळा आतून भरला जातोय हे कळलं, आणि ते कळणं दुखण्यापेक्षा वाईट होतं. मग डोळ्यासमोर पाण्यात शाई सोडावी तसा धूर फिरला. डॉक्टरबाई "झालं" म्हणाल्या. अनुस्वाररावांनी मुठी सोडल्या नाहीत. परिचारिकेनं एकेक बोट सोडवलं.

"दुखलं, लाल झालं, अंधारी आली, तर तसेच धावत यायचं," तिनं बजावलं. त्यामुळे पुढचे तीन दिवस ते तासातासानं आरशात जात, आणि बायको मशीन थांबवून विचारी, "लाल?" ते म्हणत, "नाही." ती म्हणे, "इकडे या, मी बघते." त्यांच्या शब्दावर ती आता विश्वास ठेवत नसे.

पाच महिने, पाच सुया. प्रत्येक सुईच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. पाचवीलाही पहिलीइतकीच भीती वाटली. सवयीनं भीती जाते असं म्हणणाऱ्यांनी बहुधा डोळ्यात सुई घेतलेली नसते. पण बायकोचे ओठ परत आले. मग नाक आलं, किंचित तिरकं, पण जागेवर.

सहाव्या वेळी डॉक्टरबाईंनी फोटो आधी पाहिला. "सूज बरीच उतरली आहे. आज पाचवी ओळ एकही अक्षर न चुकता वाचलीत तर पुढची सुई दोन महिन्यांनी. नाहीतर आजच."

पडद्यावर अक्षरं आली. अनुस्वाररावांनी चौथी ओळ सगळी वाचली. ती खरोखर दिसत होती, आणि त्या आनंदात त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली. पाचवीतलं पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं, शेवटचं, डागाच्या काठावर उभं होतं. पोट गोल, पोटात रेघ असावी किंवा नसावी.

"ब," ते म्हणाले.

मुलीचं पेन कागदावर थांबलं. "दिसतं की वाटतं, काका?"

ते पाहत राहिले. दोन महिने म्हणजे साठ दिवस. साठ दिवस टोपी नाही, चिमटा नाही, वर डावीकडे बघा नाही. ब असण्याची शक्यता चांगली होती. त्यांच्या अनुभवात अशा जागी बहुतेक वेळा ब असतो. त्यांनी मान थोडी वळवली, पुन्हा सरळ केली. रेघ आली, गेली.

"वाटतं," ते म्हणाले.

मुलीनं ओळीच्या रकान्यात चार आकडा लिहून कागद बायकोकडे दिला. म्हणजे सुई आजच. त्यांनी घड्याळ काढायला घेतलं, पण पट्टा सुटेना. बायकोनं तो सोडवला, घड्याळ आपल्या मनगटात अडकवलं आणि त्यांचा चष्मा पदराला पुसून पर्समध्ये ठेवला.

"चला," ती म्हणाली. "सुईच्या खोलीच्या दारापर्यंत मी येते."

दारापर्यंत सोळा पावलं होती. अनुस्वाररावांनी ती मोजली, कारण मोजताना दुसरं काही आठवत नाही.